मॅडोनाबाईंचा नवा अल्बम येतोय: 'कन्फेशन्स'चा दुसरा भाग हवाय का कोणाला?

डिस्को_दामले (४ ऑक्टोबर २०२५, रात्री ११:२०)

बातमी एव्हाना सगळ्यांना कळली असेल. मॅडोना पुन्हा वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीकडे, २०२६ मध्ये नवा अल्बम, सोबतीला निर्माता स्टुअर्ट प्राइस. आणि हा अल्बम म्हणजे २००५ च्या 'कन्फेशन्स ऑन अ डान्स फ्लोअर'चा पुढचा भाग! 'मॅडम एक्स' २०१९ चा, म्हणजे सात वर्षांनी नवी गाणी. ऑफिसात वाचलं आणि जागेवरच छोटीशी किंकाळी निघाली. शेजारच्या पोराने हेडफोन काढून विचारलं, "काय झालं सर?" सांगितलं, तर म्हणे, "ती 'द वीकेंड' या गायकाच्या 'पॉप्युलर' गाण्यात होती तीच ना?" असो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, जुन्या यशाला 'भाग दोन' लावून परत विकणं तुम्हाला पटतं का? दुसरं, प्रमोशन. आत्तापर्यंत स्टुडिओतले फोटो आणि जय शेट्टीचा पॉडकास्ट, बास. सिंगल नाही, तारीख नाही, मुखपृष्ठ नाही. मला तर हे आवडलंय. कारण बाईंनी प्रमोशन सुरू केलं की काहीतरी विपरीत घडतंच, हा गेल्या तीन अल्बमांचा अनुभव आहे. माझं मत असं की गप्प राहावं आणि एके दिवशी अख्खा अल्बम समोर टाकावा.

बोला.

चिंचपोकळीकर

पहिला! बाकी सविस्तर जेवून लिहितो.

स्वरूपा_के

भाग दोन म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. आपल्याकडे गाजलेल्या नाटकाचा, सिनेमाचा पुढचा भाग आला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यात बाईंचं मोठेपण कशात होतं, तर त्या मागे वळून बघत नाहीत. 'रे ऑफ लाइट' एवढा चालला तरी त्यांनी 'रे ऑफ लाइट दोन' केला नाही, सरळ काउबॉय हॅट घालून 'म्युझिक' आणला. आता त्याच बाई म्हणतायत की वीस वर्षांपूर्वी चाललं होतं तेच पुन्हा करू. मला हे घाबरल्याचं लक्षण वाटतं.

जुना_कॅसेटवाला

स्वरूपाताई, अर्धं अनुमोदन. पण प्राइस हा काही जुन्या ओळखीवर बोलावलेला पाहुणा नाही. २००१ च्या ड्राउन्ड वर्ल्ड टूरपासून तो त्यांच्याबरोबर आहे. 'कन्फेशन्स' त्याच्या लंडनच्या घरातल्या माळ्यावर ध्वनिमुद्रित झाला. एवढी मोठी गायिका आणि माळ्यावर गातेय! नंतर त्याने कायलीचा 'ॲफ्रोडाइटी' केला, पेट शॉप बॉइजचा 'इलेक्ट्रिक' केला, ड्युआ लिपासाठीही काम केलं. आणि २०२३-२४ च्या सेलिब्रेशन टूरचं संगीत त्यानेच बघितलं. म्हणजे चाळीस वर्षांची गाणी त्याने नुकतीच एकेक करून उकलून पुन्हा बांधली आहेत. त्या कामातून नवं काही सुचलं असेल तर आश्चर्य वाटायला नको.

आता थोडं अवांतर, पण विषयाला धरून. 'कन्फेशन्स'ची बारा गाणी एकात एक मिसळलेली आहेत, मध्ये शांतता नाही. डीजे रात्रभर वाजवतो तसं. २००५ मध्ये आमच्यासारखे लोक हा अल्बम कसा ऐकत होते? कोणाकडून तरी पेन ड्राइव्हवर एमपी-३ मिळवायच्या आणि कॉम्प्युटरवरच्या विनॲम्प प्लेअरमध्ये टाकायच्या. झालं काय, तर प्रत्येक गाण्याच्या शेवटी पाऊण सेकंदाची उचकी! 'हंग अप'मधून 'गेट टुगेदर'मध्ये शिरताना तो ठोका जसा अलगद पुढे जायला हवा, तिथे नेमकी उचकी. महिनाभर मला वाटत होतं की हे मुद्दाम केलंय. मग मित्राने सांगितलं, बाबा रे, सीडी बर्न कर, आणि नीरो या बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गाण्यांमधली ती दोन सेकंदांची जागा आधी शून्य कर. तीन कोऱ्या सीड्या वाया गेल्या, चौथी जमली. रात्री दिवे बंद करून पहिल्यांदा सलग ऐकला तेव्हा कळलं हा अल्बम काय आहे ते.

म्हणून माझं मागणं एकच: भाग दोन म्हणा, दहा म्हणा, पण सलग द्या.

चिंचपोकळीकर

कॅसेटवाले काका, "पाऊण सेकंदाची उचकी", हसून हसून पुरेवाट! माझ्याकडे अजून तीच उचकीवाली फाइल आहे. आता स्ट्रीमिंगवर सलग ऐकलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

पेंढारकर_पुणे

मी काही चाहता वगैरे नाही, पण एक प्रामाणिक प्रश्न. ६७ वर्षांच्या बाईने डान्स अल्बम काढावा का? वयाप्रमाणे काहीतरी शांत, अनुभवाचं गावं. हलकं घ्या.

कुर्ल्याची_राणी

आले! प्रत्येक धाग्यावर एक असतातच. पॉपकॉर्न घेऊन बसते.

लंडनची_मावशी

पेंढारकर, हलकं घेतलं, पण उत्तर जड देते.

तुम्ही विचारलंत ते इथल्या रेडिओने दहा वर्षांपूर्वीच विचारून झालंय. २०१५ मध्ये 'लिव्हिंग फॉर लव्ह' आलं तेव्हा बीबीसी रेडिओ १ ने ते गाणं यादीत घेतलं नाही. त्यांचं म्हणणं, आमचा श्रोता तरुण आहे, वयाचा संबंध नाही, गाणं बघून ठरवतो. बाईंनी उघड म्हटलं की हा वयावरून केलेला भेदभाव आहे. माझ्या ऑफिसात आठवडाभर यावर वाद चालू होता. गंमत म्हणजे त्याच महिन्यात ब्रिट ॲवॉर्ड्समध्ये केपची गाठ सुटली नाही आणि त्या पायऱ्यांवरून मागच्या मागे पडल्या. उठल्या आणि गाणं पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी रेडिओ, टीव्ही सगळीकडे तेच. पण ते गाणं ऐकवायला नाही, पडलेलं दाखवायला.

मी सेलिब्रेशन टूर इथे लंडनच्या ओटू सभागृहात पाहिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये त्या जंतुसंसर्गाने आयसीयूत होत्या, टूर पुढे ढकलली होती. चार महिन्यांत ही बाई स्टेजवर. 'लिव्ह टू टेल' गाताना एड्सने गेलेल्या मित्रांचे फोटो वर मोठ्या पडद्यांवर येत होते. आधी एकेक चेहरा, मग चार, मग पडदाभर इतके की ओळखू येईनात. माझ्या पुढे साठीचे दोन गृहस्थ हात धरून उभे होते. एका फोटोपाशी त्यातला एक नुसतं "हो" म्हणाला, मान हलवली. बस्स. हे शांत आणि अनुभवाचं नाही तर काय? ते नाचाच्या गाण्यांच्या मधोमधच होतं.

पेंढारकर_पुणे

मावशी, शब्द मागे. तुमचा प्रतिसाद वाचून जरा गप्प झालो.

कुर्ल्याची_राणी

पेंढारकरांनी शब्द मागे घेतले! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कोणीतरी, या संकेतस्थळाच्या इतिहासात पहिल्यांदाच.

अनघा_नाशिक

वयाचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरचं उदाहरण कसं कोणी दिलं नाही? आशाताई! १९३३ चा जन्म. १९९७ मध्ये लेस्ली लुईसबरोबर 'जानम समझा करो' केला तेव्हा चौसष्टीच्या होत्या, आणि तो एमटीव्हीवर चालला. आमच्या घरात आजी आणि मी एकाच वेळी टीव्हीसमोर बसायचो, असं व्हायला फार कमी गोष्टी कारणीभूत व्हायच्या.

आणि आता ताजी बातमी: गोरिलाझ या ब्रिटिश बँडचा 'द माउंटन' अल्बम पुढच्या वर्षी येतोय, मुखपृष्ठावर देवनागरीत 'पर्वत' लिहिलंय आणि गाणाऱ्यांत आशा भोसले! ९२ व्या वर्षी. हे तेच गोरिलाझ ज्यांच्याबरोबर २००६ च्या ग्रॅमीत बाईंनी 'हंग अप' केलं होतं.

जुना_कॅसेटवाला

अनघाताई, तुम्ही माझ्या तोंडचा घास पळवलात. त्यात एक भर घालतो. फेब्रुवारी १९९८ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर कोणतं गाणं होतं? कॉर्नरशॉप या बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा', डीजे नॉर्मन कुकचं रीमिक्स. आपल्या आशाताईंवरचं गाणं. आणि पुढच्या आठवड्यात त्याला खाली कोणी उतरवलं? मॅडोनाच्या 'फ्रोझन'ने. हा योगायोग मला इतका आवडतो की लग्नकार्यात अनोळखी माणसांनाही सांगतो.

चिंचपोकळीकर

आता कळलं लग्नात तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी का असते. (गंमत करतोय, हलकं घ्या.)

योगी_बियर

'रे ऑफ लाइट' निघालाच आहे तर 'शांती / अष्टांगी' विसरू नका. "वन्दे गुरूणां चरणारविन्दे", थेट शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या योगतारावलीतला श्लोक, खाली टेक्नोचा ठोका. १९९८ मध्ये मी पाठशाळेत संस्कृत शिकत होतो. आमच्या गुरुजींना वॉकमनवर ऐकवलं. डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "उच्चार तुझ्यापेक्षा बरे आहेत." त्यानंतर मी बाईंबद्दल एक शब्द वावगा बोललो नाही.

सिद्धेश२०००

धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान मीच. मी बाईंना टिकटॉकी 'फ्रोझन' रीमिक्समधून ओळखायला लागलो, मग उलटं मागे गेलो. त्यामुळे मला 'कन्फेशन्स' म्हणजे आठवण वगैरे नाही, तो नुसता चांगला अल्बम आहे. भाग दोनबद्दल मला भीती नाही, कारण हरवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

पण दामले काका, "अख्खा अल्बम एकदम टाकावा" हे आता चालत नाही. माझं थोडंफार काम याच क्षेत्रातलं आहे म्हणून सांगतो. एक गाणं आधी सोडतात, त्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा लोकांच्या रील्समध्ये गेला तर दुसरं सोडतात. प्लेलिस्टवाल्यांना गाणं काही आठवडे आधी द्यावं लागतं. विनाइल छापायला महिनोन्महिने लागतात, म्हणजे तारीख आधी ठरवावीच लागते, आणि तारीख ठरली की कारखान्यापासून दुकानापर्यंत शंभर जणांना कळतेच. अचानक टाकायचं म्हटलं तर निदान पहिल्या दिवशी हातात वस्तू नाही. आणि बाईंचे चाहते तुमच्यासारखे, वस्तू हवी असणारे. :)

डिस्को_दामले

'काका' म्हटल्याबद्दल निषेध. मी ४६ चा आहे.

सिद्धेश, तुझं व्यवहारात बरोबर असेल. पण मी का घाबरतो ते सांगतो. २०१५ चा 'रेबेल हार्ट' अल्बम आठव. डिसेंबर २०१४ मध्ये कच्ची गाणी फुटली, अल्बमला अजून तीन महिने होते. घाईघाईत सहा गाणी विकायला काढावी लागली. नंतर इस्राएलमध्ये एकाला पकडलं, त्याला चौदा महिन्यांची शिक्षाही झाली, पण तोवर हवा गेलेली. वर इन्स्टावर मार्टिन ल्यूथर किंग आणि मंडेलांच्या चेहऱ्यांवर दोऱ्या गुंडाळलेले फोटो, त्यावरून गदारोळ. मग ब्रिटमधलं पडणं. एका अल्बमच्या नशिबी किती यावं? आणि २०१९ मध्ये तेल अवीवची युरोव्हिजन गायनस्पर्धा: थेट प्रक्षेपणात सूर गेला, आणि नंतर यूट्यूबवर आला तो व्हिडिओ सुरात! आम्ही चाहते तोंड लपवून फिरत होतो.

स्वरूपा_के

फुटण्यावरून 'अमेरिकन लाइफ'! २००३ मध्ये लोक फुकट उतरवून घेतील म्हणून खोट्या फाइली पसरवल्या होत्या. गाणं म्हणून उघडायचं आणि आत बाईंच्या आवाजात एक सणसणीत शिवी. मी इंजिनिअरिंग हॉस्टेलमध्ये होते. एकाच फाइलसाठी रात्रभर मोडेम चालू ठेवला, सकाळी सहा मैत्रिणी जमवून लावलं. शेजारच्या खोलीत वॉर्डनबाई. पुढचं लिहीत नाही.

चिंचपोकळीकर

पुढचं लिहा! धागा तुमच्या नावावर करू.

स्वरूपा_के

एक महिना रात्री आठनंतर कॉम्प्युटर बंद. तेवढंच.

तिकीट_खिडकी

कोणी विषय काढला नाही म्हणून मी काढतो: तिकिटाबरोबर अल्बम गळ्यात मारणं. अमेरिकेत 'एमडीएनए' (२०१२) आणि 'मॅडम एक्स' दोन्ही पहिल्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर होते. 'मॅडम एक्स' दुसऱ्या आठवड्यात कुठे? ७७ वर! कारण टूरच्या तिकिटाबरोबर अल्बम जोडलेला, त्या विक्रीचा भार सगळा पहिल्या आठवड्यावर. साबणाच्या वडीवर चमचा फुकट द्यायचे ना, तसं. लोकांना साबण हवा होता. २०२० मध्ये ही क्रमवारी काढणाऱ्या बिलबोर्डने असल्या जोडविक्रीचे नियम आवळले.

त्यामुळे या वेळी पहिल्यांदाच खरा आकडा दिसेल. मला त्याची जास्त उत्सुकता आहे.

लंडनची_मावशी

तिकीट_खिडकी, आकडा तुम्हाला हवाय, आम्हाला गाणी हवीत. मे २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या कोपाकबानाच्या वाळूवर फुकट कार्यक्रमाला सोळा लाख लोक आले होते म्हणतात. त्यांनी काय विकत घेतलं? एवढी माणसं जिच्यासाठी येतात तिला ७७ वा क्रमांक काय करणार!

तिकीट_खिडकी

मावशी, ती माणसं जुन्या गाण्यांसाठी आली होती. माझा मुद्दा तोच आहे. टूर जुन्यांची, भाग दोन जुन्याचा. नव्याला कोण येणार?

स्वरूपा_के

+१. मी पहिल्यांदा हेच म्हणत होते, फक्त तुम्ही चमचा घालून म्हटलंत.

अनघा_नाशिक

जरा थांबा. २००५ मध्येही असंच होतं की. 'अमेरिकन लाइफ' पडला होता, सगळे म्हणत होते संपली. ऑगस्टमध्ये वाढदिवसाच्या दिवशीच घोड्यावरून पडून हाडं मोडली. आणि काही आठवड्यांत गुलाबी लिओटार्ड घालून 'हंग अप'चा व्हिडिओ. त्या गाण्याचा पाया तरी नवा होता का? ॲबा या स्वीडिश बँडच्या १९७९ च्या गाण्याचा तुकडा! ॲबावाले सहसा परवानगी देत नाहीत, म्हणून बाईंनी पत्र लिहून माणूस स्टॉकहोमला पाठवला. म्हणजे पहिला भागही कोणाचा तरी दुसरा भागच होता. जुनं घेतलं म्हणून काय झालं, त्यातून काढता काय ते बघायचं.

जुना_कॅसेटवाला

क्या बात! अनघाताई, हे धाग्याच्या डोक्यावर लावा.

आणि प्रमोशनचं म्हणाल तर 'हंग अप' जगाने पहिल्यांदा कुठे ऐकलं? मोटोरोलाच्या मोबाइलच्या जाहिरातीत, आणि रिंगटोन म्हणून! रेडिओच्या आधी. तेव्हा आम्ही नाकं मुरडली होती, "रिंगटोन? ही काय पद्धत?" आता सिद्धेश पंधरा सेकंदांचे तुकडे म्हणतो तर पुन्हा तीच नाकं मुरडतोय.

सिद्धेश२०००

काका, धन्यवाद. (तुम्हाला काका चालतं ना?)

जुना_कॅसेटवाला

मला आजोबाही चालेल. मुंबईच्या ऱ्हिदम हाउस या कॅसेट-सीडीच्या दुकानातल्या काचेच्या केबिनमध्ये उभं राहून ऐकलेला माणूस आहे मी. २०१६ ला ते बंद झालं त्या दिवशी काळा घोड्याला जाऊन फक्त शटर बघून आलो.

योगी_बियर

जय शेट्टीच्या पॉडकास्टचा एक अनपेक्षित फायदा. माझी आई रोज सकाळी त्याचं ऐकते. त्या दिवशी दुपारी फोन: "अरे, आज एक बाई आली होती, भावाबद्दल बोलली, क्षमा करण्याबद्दल बोलली, फार छान. नाव काहीतरी एम वरून." मी म्हटलं, "मॅडोना?" तर म्हणे, "हो तीच. बिचारीचं बरंच काही झालंय." चाळीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात 'बिचारी'! १९९२ मध्ये याच आईने माझ्या खोलीतलं तिचं पोस्टर फाडलं होतं.

कुर्ल्याची_राणी

योगी, प्रमोशन म्हणतात ते हे. आईपर्यंत पोचली ना बाई! रेडिओ १ गेलं उडत.

पेंढारकर_पुणे

परत आलो. काल रात्री कुतूहल म्हणून 'कन्फेशन्स' लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ५६ मिनिटं. मध्ये एकदाही फोन बघितला नाही. एवढंच सांगायला आलो. त्यातल्या 'आयझॅक' गाण्यात तो हिब्रू आवाज येतो तिथे काय होतं ते लिहिता येत नाही. पहिला भाग आत्ता ऐकलेल्याला दुसरा का नको?

डिस्को_दामले

पेंढारकर, तुम्ही माझ्या धाग्यावरचे सर्वोत्तम परिवर्तन.

बरं, मूळ प्रश्न माझाच होता तर उत्तर देतो. अनघाताईंचा ॲबाचा मुद्दा वाचून 'भाग दोन' या शब्दांवरचा माझा आक्षेप निम्मा गेला. प्रमोशनवर मात्र मी ठाम आहे: पहिलं सिंगल आलं तरी ऐकणार नाही. अल्बम आला की रात्री, दिवे बंद, सलग. बायकोला सांगून ठेवलंय. ती म्हणाली, "त्या दिवशी मी माहेरी."

चिंचपोकळीकर

दामले, पैज. सिंगल आल्यापासून दहा मिनिटांत तुम्ही इथे धागा काढाल. हरलात तर सगळ्यांना वडापाव.

डिस्को_दामले

घेतली.

कुर्ल्याची_राणी

वडापाव कुर्ला स्टेशनबाहेरचाच हवा. नोंद घ्यावी.

जुना_कॅसेटवाला

या धाग्यामुळे माळा उपसला. ती नीरोवाली चौथी सीडी सापडली! वर निळ्या मार्करने 'कन्फे. – सलग – हात लावू नये' असं माझ्याच अक्षरात. एक ओरखडा आहे, पण काठाशी. आता अडचण अशी की घरातल्या तीन लॅपटॉपपैकी एकालाही सीडीची खाच नाही. सीडी ड्राइव्ह आहे का कोणाकडे? कोथरूड, कर्वेनगर, वारजे, कुठेही येतो.

पेंढारकर_पुणे

माझ्याकडे आहे. रविवारी या. चहा करतो.